किल्ली देवघरात

कॅनडातल्या आमच्या मिल्टनच्या घराला एकाच गाडीचं गॅरेज आहे आणि त्यात माझा काळा पिकअप ट्रक उभा असतो. त्यामुळे नवऱ्याची गाडी बाहेर. हिवाळ्यात सकाळी तो फावड्याने घरापुढचा बर्फ ओढतो, मग गाडीच्या काचा खरवडतो आणि खरवडता खरवडता स्वयंपाकघराच्या खिडकीकडे एकदा तरी बघतो. मी आत चहा पीत असते. वाईट वाटतं मला, पण फार नाही.

ट्रक म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं तसं हे प्रकरण नाही. पुढे तिघांना बसता येईल अशी एक सलग सीट, मागे उघडा हौदा, संपलं. तीसेक वर्षांपूर्वी एका कंपनीला काय सुचलं कोण जाणे. तिने शेतावर गवताच्या पेंढ्या वाहायच्या साध्या पिकअपमध्ये शर्यतीच्या गाडीला शोभेल असं इंजिन बसवलं, तो पिकअप जमिनीलगत आणून बुटका केला, फक्त काळा रंग दिला, मोजकेच बनवले आणि मग अक्कल आल्यासारखं ते बंदही करून टाकलं. पेंढ्या घेऊन इतक्या जोरात कुणाला कुठे जायचं होतं, हे आजवर मला कुणी सांगू शकलेलं नाही. मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासते. दिवसभर लोकांना ‘हे असं का केलंत?’ एवढंच विचारायचं माझं काम. ज्याला काही उत्तरच नाही अशी ही वस्तू पाहिली आणि मी तिच्या प्रेमात पडले.

ट्रक मिळाला हॅमिल्टनच्या एका आजोबांकडून. औषधांच्या दुकानात आयुष्य काढून ते निवृत्त झाले होते. त्यांनी आणि त्यांच्या बायकोने तो कोरा घेतलेला. चालवायची मुख्यतः बायको. ती गेल्यावर ट्रक मागच्या शेडमध्ये उभा राहिला आणि हळूहळू आजोबांची नजरही गेली; मधलं काही दिसत नसे, फक्त कडेकडेचं दिसे. ट्रक घ्यायला बरेच जण येऊन गेले होते. आजोबा प्रत्येकाला एकच विचारत, ‘घेऊन काय करणार?’ कुणाला तो संग्रहात ठेवायचा होता, कुणाला सीमेपलीकडे विकायचा होता. मी म्हटलं, रविवारी भाजी आणायला जाणार. आजोबा बराच वेळ हसले. मग म्हणाले, ‘तिलाही तेवढ्यासाठीच हवा होता.’ ते अर्थातच इंग्रजीत बोलत. मी इथे मराठीत लिहिते आहे.

त्यांनी एकच अट घातली. इंजिन पहिल्यांदा सुरू होईल तेव्हा मला बोलवा. ‘दिसणार नाही मला,’ ते म्हणाले, ‘पण कान शाबूत आहेत.’ मी शब्द दिला.

शब्द देताना मला पुढचं ठाऊक नव्हतं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीला खालून खात जातं. दाराखालच्या पत्र्यातून माझं बोट आरपार गेलं. तो पत्रा कापून नवा जोडला. दारं आणली दूर पश्चिमेकडच्या सस्काटूनजवळच्या एका भंगार आवारातून, कारण तिकडची हवा कोरडी, तिकडचे ट्रक गंजत नाहीत. त्या दारांतून तिकडच्या माळरानाची पिवळी धूळ निघाली, ती आमच्या गॅरेजभर झाली. हीटरमध्ये उंदरांनी संसार मांडला होता. इंजिन तर मी पार उघडलं, प्रत्येक तुकडा धुऊन, मोजून परत बसवला. अशा मोजक्या निघालेल्या गाड्यांचा नियम कडक असतो: कारखान्यातून बाहेर पडताना होती तशीच ती व्हायला हवी, नळ्या-तारा धरून ठेवणारा चुकीच्या रंगाचा एक चापही चालत नाही. इंटरनेटवर मोठी माणसं या चापांवरून हमरीतुमरीवर येतात. मीही येते.

याच सुमारास सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी राहायला आल्या. दुपारी घरात कुणी नसे, संध्याकाळी सून गॅरेजमध्ये. शेवटी त्याच घडीची खुर्ची घेऊन तिथे येऊन बसू लागल्या. मेथी निवडायची ती तिथे, लसूण सोलायचा तो तिथे. ट्रकला त्या पहिल्या दिवसापासून ‘टेम्पो’ म्हणत. मी दहादा समजावलं की अगदी मोजके बनले हो हे, जमवणारे लोक जीव टाकतात यावर. ‘बरं,’ त्या म्हणत, ‘मग आज टेम्पोचं काय काढलंयस?’ माझे गंजके स्क्रू त्यांना बघवेनात. एके दिवशी त्यांनी ते चिंचेच्या कोळात भिजत घातले आणि देवाची भांडी घासावीत तसे घासून ओळीने वर्तमानपत्रावर मांडून ठेवले. असे लखलखीत स्क्रू कारखान्यातूनसुद्धा आले नसते. नियमात बसत नव्हते, पण मी मुकाट्याने बसवले.

पुढच्या काचेवर गरम हवा सोडणारी एक फट असते. तिच्या आतली नळी काढून झटकली तेव्हा उंदरांच्या कचऱ्याबरोबर एक कानातलं पडलं. बारीक चांदीचा आकडा आणि त्यात लोंबता निळ्या काचेचा मणी. मी ते कचऱ्यात टाकणार तेवढ्यात सासूबाईंनी हात धरला.

‘अगं, बाईमाणसाच्या अंगावरचं आहे. एकच असलं म्हणून काय झालं? टाकायचं नाही.’ त्यांनी ते धुऊन पुसून देवघरातल्या छोट्या पितळी डबीत ठेवलं. मी म्हटलं ठेवा, आणि विसरून गेले.

शेवटची वस्तू यायची राहिली होती ती इंधनाचा पंप. तो आला आणि बसवलाही. ट्रक तयार झाला. मी आनंदाने नाचत घरात आले आणि म्हटलं, ‘आई, रविवारी स्टार्ट करते!’

सासूबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांचा हात थांबला. ‘पितृपक्ष आहे,’ त्या म्हणाल्या.

आता सांगायला हवं. माझे सासरे विज्ञानाचे प्राध्यापक होते. पितृपक्षात कुणी गाडी घेत नाही, म्हणजे शोरूममध्ये गर्दी नाही, हवा तो रंग लगेच, असा हिशेब करून त्यांनी मुद्दाम त्याच पंधरवड्यात घरातली पहिली चारचाकी घेतली. दिवाळीच्या आधी त्याच गाडीत अपघात होऊन ते गेले. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय; माझा नवरा तेव्हा कॉलेजात होता. गाडीचं जे काही उरलं ते धाकट्या काकांनी परस्पर भंगारात देऊन टाकलं. सासूबाई त्या गाडीबद्दल कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. घरात तिचा एक फोटोही नाही.

हे सगळं माहीत असूनही मी वाद घातला. मला राग आवरत नाही, हे खरं आहे.

‘आई, हा काय नवा आहे का? तीस वर्षांचा आहे.’

‘इंजिन सगळं उघडून परत जोडलंस ना?’

‘हो.’

‘मग नवंच की ते. घट बसू देत, दसऱ्याला कर.’

असं जोडलेलं इंजिन नवं धरूनच हळूहळू चालवून रुळवावं लागतं, हे मीच त्यांना महिनाभर ऐकवत होते.

दसरा काही फार लांब नव्हता. थांबलेही असते. पण दुसऱ्याच दिवशी आजोबांचा फोन आला. घर विकलं गेलं होतं, मुलगी सस्काटूनहून न्यायला आली होती, शनिवारी विमान. आता कायमचं तिकडेच. ‘ट्रक कुठवर आलाय?’ त्यांनी विचारलं. मला खोटं बोलवेना. म्हटलं, तयार आहे.

‘तयार आहे?’ त्यांचा आवाज एकदम तरुण झाला.

मी नवऱ्याला धरलं. ‘तू सांग ना आईंना. त्यांची फ्लाइट सॅटर्डेला आहे. ते परत येणार नाहीत रे.’

‘सांगतो,’ तो म्हणाला. ‘आत्ता मीटिंग आहे. मीटिंग झाली की बघतो.’ घरातल्या दोन बायकांच्या मध्ये यायची वेळ आली की याच्या मीटिंगा कशा नेमक्या सुरू होतात, हे एक कोडंच आहे.

संध्याकाळी गॅरेजच्या खुंटीवर किल्ली नव्हती. सासूबाईंनी विचारायच्या आधीच सांगितलं, ‘देवाजवळ ठेवलीय, डबीत. तुला घ्यायची तर घे. मी अडवणार नाही.’

अडवलं असतं तर बरं झालं असतं. मी तणतणत देवघरापुढे गेले, डबीला हात लावला आणि तशीच उभी राहिले. त्या मागून आल्या. ‘मला कळतं गं, त्या गाडीला पितृपक्षाने काही केलं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘समोरचा ट्रकवाला झोपला होता. मला कळतं. पण मला तू हवी आहेस.’

मी डबीवरचा हात काढला. किल्ली डबीतच राहिली. त्या रात्री मी फार चिडलेली होते आणि कुणावर चिडायचं तेच कळत नव्हतं.

आजोबांना मी खरं तेच सांगितलं: आमच्या घरात एक वडीलधारी व्यक्ती आहे, तिला या दिवसांची भीती वाटते. ते म्हणाले, ‘बरं. सुरू करू नका. नुसता हात लावायला आलो तर चालेल?’ मुलीला गुरुवारी दुपारी वेळ होता. मी म्हटलं, या. फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, ‘गुरुवारी? गुरुवारी बाबांचं श्राद्ध आहे.’

गुरुवारी सकाळपासून घरात खिरीचा वास होता. वडे, कढी, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं सासूबाईंनी एकटीने केलं. कावळ्याचं पान त्यांनी मागच्या डेकच्या, म्हणजे लाकडी ओट्याच्या, कठड्यावर ठेवलं आणि हात जोडून उभ्या राहिल्या. एरवी आमच्या मागच्या आवारात कावळ्यांची शाळा भरलेली असते. त्या दिवशी एकही फिरकेना. एक खार मात्र धिटाईने आली आणि वडा घेऊन पळाली.

‘यांना वडे आवडायचे,’ सासूबाई संतापून म्हणाल्या, ‘पण हे असे यायचे नाहीत.’ त्यांनी दुसरा वडा ठेवला.

तेवढ्यात आजोबा आले. मुलगी त्यांना दारात सोडून बँकेच्या कामाला गेली. श्राद्धाच्या दिवशी दारात आलेल्या वयस्कर माणसाला परत पाठवायचं नसतं, त्यामुळे सासूबाईंनी स्वतः त्यांचा हात धरून आत आणलं आणि डेकच्या दाराजवळ खुर्ची दिली. आजोबांनी खिरीचा वास घेतला. मग सगळे गप्प आणि उपाशी उभे आहेत हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ‘आपण कुणाची वाट बघतोय का?’ त्यांनी विचारलं.

नवऱ्याने समजावलं. आज माझ्या वडिलांचा दिवस आहे. कावळ्याने आधी खायचं, मग आम्ही. कावळा आला नाही तर त्यांची काही इच्छा राहिली असं आम्ही समजतो आणि ती पुरी करू म्हणून शब्द देतो.

‘अच्छा,’ आजोबा म्हणाले. त्यांनी मान तिरकी करून डोळ्यांच्या कडेने सासूबाईंकडे बघितलं. ‘त्यांची काय इच्छा राहिली?’

नवऱ्याने मराठीत विचारलं. सासूबाई पानाकडेच बघत होत्या. ‘काय माहीत,’ त्या म्हणाल्या. ‘सांगायला वेळच कुठे मिळाला?’

मग त्या वळल्या. आजोबा खुर्चीत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. ट्रकचं नावही त्यांनी काढलं नव्हतं. सासूबाई त्यांच्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की मला अवघडल्यासारखं झालं.

‘गेलेल्या माणसाची इच्छा विचारत मी इथे कावळ्यापुढे हात जोडून उभी आहे,’ त्या आम्हा दोघांना म्हणाल्या, ‘आणि हा जिवंत माणूस समोर बसून मागतोय, त्याला आपण दसऱ्याचं सांगतोय.’

त्या देवघरात गेल्या आणि डबी घेऊन आल्या. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. ‘चाक हलवायचं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘नुसतं सुरू करायचं, आणि बंद.’

मी गॅरेजचं दार वर केलं. आजोबांना हाताला धरून ट्रकशी नेलं. ते बोटांनी चाचपत पुढून मागे गेले, मागून पुढे आले आणि आपण होऊन उजवीकडे, इथे ड्रायव्हरशेजारी बसतात तिथे, चढून बसले. ‘माझी जागा हीच,’ म्हणाले. ‘ती चालवायची.’ सासूबाई त्यांच्या उघड्या दाराशी उभ्या राहिल्या, डबी घट्ट धरून.

मी डावीकडे स्टिअरिंगपाशी बसून किल्ली फिरवली. पहिल्यांदा नुसतं घरघरलं. मी देवाचं नाव घेतलं, जे मी कारखान्यात कधी घेत नाही. दुसऱ्यांदा त्याने एकदम पकडलं. छातीच्या पिंजऱ्याला आतून कुणी थोपटावं तसा तो आवाज होता. फळीवरचे डबे हलले, नवऱ्याने कानांवर हात ठेवले, शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मला रडायलाच आलं. इतक्या संध्याकाळी, इतके सोललेले हात, आणि ते माझ्या पायाखाली जिवंत होतं.

मी आजोबांकडे बघितलं. ते मान डोलवत होते, हसत होते. मग त्यांनी कान पुढच्या काचेकडे केला आणि वाट बघितली. हळूहळू हसू मावळलं.

‘काही चुकलंय का?’ मी इंजिन बंद करून विचारलं.

‘नाही, नाही. इंजिन अगदी तेच आहे. फारच सुरेख केलंत.’ ते थांबले. ‘ती किणकिण गेली.’

‘कसली किणकिण?’

इंजिन सुरू झालं की समोर कुठेतरी काहीतरी वाजायचं, ते म्हणाले. बायको म्हणायची, बघा हो काय आहे ते. मी म्हणायचो, तुझ्या डोक्यात आहे. पुढे ती गेली. मग मीच शेडमध्ये जाऊन ट्रकमध्ये बसायचो, थोडा वेळ सुरू करायचो. तेवढी किणकिण ऐकायची आणि बंद करायचा. डोळे गेले, मग बॅटरीही गेली. ‘जाऊ द्या. बिघाडच होता तो. तुम्ही दुरुस्त केलात, बरोबरच केलंत,’ असं म्हणताना त्यांनी कानाजवळ दोन बोटं हलवून तो आवाज काढून दाखवला.

इंग्रजी सासूबाईंना सगळं कळलं नसेल. ती दोन बोटं कळली. त्यांनी डबी उघडली आणि निळ्या मण्याचं कानातलं आजोबांच्या तळहातावर ठेवलं.

आजोबांनी आधी अंगठ्याने ते चाचपलं. मग हात एका कडेला, जिथून त्यांना दिसतं तिथे धरून बराच वेळ बघितलं. ‘हे तिने घरभर शोधलं होतं,’ ते म्हणाले. ‘मीच हरवलं म्हणाली. रागाने दुसरं फेकून दिलं.’ त्यांनी तो मणी बोटाने हलवला. ‘हे होतं होय ते. हे होतं.’

मला वाटलं ते आता खिशात ठेवतील. त्यांनी पुढे वाकून काचेखालची ती फट बोटांनी शोधली, कानातलं तिच्यात सोडलं आणि माझ्याकडे मान केली. मी पुन्हा किल्ली फिरवली. ट्रक थरथरला आणि त्या सगळ्या गडगडाटाच्या वरून, अगदी बारीक, ती किणकिण आली.

आजोबांनी डोळे मिटले. ‘आहे,’ म्हणाले. ‘इथेच आहे.’

नवरा नाक ओढत होता. सासूबाईंनी स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले आणि त्याला म्हणाल्या, ‘त्यांना विचार, खीर गरम घेणार की गार?’ आम्ही आत आलो तेव्हा कठड्यावरचं पान रिकामं होतं. कावळा की खार, कुणी बघितलं नाही, आणि सासूबाईंनी विचारलंही नाही. आजोबांनी खीर दोनदा घेतली आणि शनिवारी ते सस्काटूनला गेले.

दसऱ्याला ट्रकला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. सासूबाई उजवीकडचं दार उघडून बसल्या. अपघातानंतर त्या कुठल्याच गाडीत पुढे बसत नसत. माझा नवरा दारात उभा राहून नुसता बघत राहिला. आम्ही दोघी ठरल्याप्रमाणे भाजी आणायला निघालो. मी इतका हळू चालवला की सायकलवाला पुढे गेला. सिग्नलला थांबलो आणि किणकिण सुरू झाली.

‘याचा हॉर्न कसा आहे गं?’ सासूबाईंनी विचारलं.

इथे हॉर्न म्हणजे शिवी. वर्षानुवर्षं कुणी वाजवत नाही. तरी मी हलकेच दाबला.

त्यांनी ऐकून घेतलं. ‘आमच्या गाडीचा बारीक होता,’ त्या समोर बघत म्हणाल्या. ‘गेटपाशी आले की दोनदा वाजवायचे. मग मी चहा टाकायचे. महिनाभरच वाजला तो. पण कुणी मला विचारलंच नाही, तशीच देऊन टाकली गाडी. हॉर्न तरी ठेवला असता मी.’

सिग्नल अजून लालच होता.

‘दोनदा वाजव,’ त्या म्हणाल्या.

मी दोनदा वाजवला. पुढच्या गाडीतल्या माणसाने आरशातून रागाने बघितलं. बघू दे.